सायकल शर्यतीतले शेवटून पहिले, आणि रोड सायकलिंगचे इतर अजब रिवाज

मागचं_चाक

मंडळी, सायकलवर इथे बरेच धागे आहेत, पण दहाव्या प्रतिसादापर्यंत गाडी टायर, गिअर आणि पॉवर मीटरवर जातेच. हा धागा या खेळातल्या गमतीसाठी. शर्यतीतले किस्से, रिवाज, वेडेपणा, जे आठवेल ते लिहा.

सुरुवात शेवटच्या माणसापासून करतो. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेल्याला कोणी हारतुरे घालून बोलावत नाही. टूर द फ्रान्समध्ये मात्र सगळ्यात शेवटी आलेल्याला 'लाँतेर्न रूज' म्हणजे लाल कंदील म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा असतो, तोच हा. टूर संपली की गावोगावी छोट्या प्रदर्शनी शर्यती होतात, तिथे नामवंतांबरोबर या लाल कंदिलालाही मानधन देऊन बोलवायची पद्धत होती. लोक त्याला बघायला यायचे, कारण त्याचा दिवस आपल्या दिवसासारखा असतो हे त्यांना कळायचं.

बेल्जियमचा विम व्हानसेव्हेनांत 2006, 2007 आणि 2008 अशी सलग तीन वर्षं टूरमध्ये शेवटचा आला. आता 2007 चा निकाल बघा. त्याच्याच संघाचा कॅडेल इव्हान्स अवघ्या 23 सेकंदांनी दुसरा आला. एकाच संघाचा एक माणूस वर दुसरा आणि एक माणूस तळाला! व्हानसेव्हेनांतचं काम होतं गाडीपाशी जाऊन बाटल्या आणायच्या, वारा अंगावर घ्यायचा, इव्हान्सला चढापर्यंत सुखरूप पोचवायचं आणि मग बाजूला व्हायचं. काम संपल्यावर स्वतःसाठी दमायचं कशाला? उद्या पुन्हा बाटल्या आणायच्याच आहेत. तळाचा तो आकडा म्हणजे त्याच्या नोकरीची हजेरी होती.

माझं म्हणणं असं की या खेळातला बहुतेक विनोद इथून येतो. दीडशेच्या वर माणसं तीन आठवडे, रोज चार-पाच तास एकमेकांच्या चाकाला चाक लावून जातात आणि जिंकतो एकच. बाकीच्यांनी आपापला मान आणि आपापलं हसू शोधून ठेवलंय.

---

कात्रजकर

वा, झकास विषय. मग मालाब्रोका यायलाच हवा.

इटलीच्या जिरोमध्ये, म्हणजे टूरसारख्याच तिथल्या मोठ्या शर्यतीत, 1946 ते 1951 या काळात शेवटच्याला चक्क काळी जर्सी मिळायची, 'मालिया नेरा'. पहिल्याला गुलाबी, शेवटच्याला काळी. आणि तिच्याबरोबर बक्षिसाचे पैसे. लुइजी मालाब्रोकाने 1946 आणि 1947 ला ती मिळवली. 46 मध्ये तो विजेत्या बार्तालीच्या चार तासांहून जास्त मागे होता. यासाठी पठ्ठ्या वाटेतल्या बारमध्ये बसायचा, गोठ्यात लपायचा, कुंपणाआड दडायचा, स्वतःच्या टायरला स्वतःच पँक्चर करायचा.

1949 ला त्याला तोडीस तोड भेटला, सान्ते कारोल्लो. दोघंही मागे राहायला जिवाचं रान करतायत. शेवटच्या टप्प्यात (रोजची दौड म्हणजे एक टप्पा, सगळ्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज म्हणजे निकाल) मालाब्रोकाने मोठा डाव टाकला. वाटेत निवांत वेळ काढला आणि खूप उशिरा अंतिम रेषेवर पोचला. तर तिथे वेळ नोंदवणारे अधिकारी कंटाळून निघून गेलेले! त्यांनी जाताना त्याला मुख्य घोळक्याचीच वेळ देऊन टाकली होती. त्यामुळे काळी जर्सी कारोल्लोला. तो विजेत्या कोप्पीच्या मागे जवळजवळ दहा तास होता.

इतका हुकमी डाव असा फसलेला मी दुसऱ्या कुठल्या खेळात वाचला नाही.

---

सातारी_चढ

किस्सा भारी आहे, पण मला एक खटकतं. व्हानसेव्हेनांत शेवटचा आला तो काम करून. मालाब्रोका गोठ्यात लपून. दोघांना एकाच रांगेत कसं बसवायचं? मी शाळेतल्या मुलांना सायकलिंग शिकवतो. जो पोरगा फेस येईपर्यंत पाय मारून शेवटचा येतो, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला मी सगळ्यांना थांबवून ठेवतो. मुद्दाम मागे राहणाऱ्याचं कौतुक केलं तर त्या पोराच्या टाळ्यांची किंमत काय राहिली?

---

मागचं_चाक

@सातारी_चढ, मुद्दा रास्त आहे आणि टाळ्यांचं तुमचं ऐकून बरं वाटलं. तरी मालाब्रोकाची बाजू मांडतो.

1946 म्हणजे युद्ध नुकतंच संपलेलं. इटलीत खायची मारामार. काळ्या जर्सीच्या पैशांबरोबर लोक प्रेमाने खाण्यापिण्याच्या वस्तूही द्यायचे. विसाव्या-तिसाव्या क्रमांकाला यातलं काही नव्हतं. आणि हा माणूस कच्चा अजिबात नव्हता. 1948 ची कोप्पा अगोस्तोनी ही इटलीतली शर्यत त्याने जिंकली. सायक्लोक्रॉसचा, म्हणजे चिखलातून सायकल खांद्यावर टाकून पळण्याच्या शर्यतीचा, तो दोनदा राष्ट्रीय विजेता होता. तो कोप्पीच्याच भागातला. कोप्पीला हरवणं आपल्याला जमणार नाही हे त्याला पक्कं कळलं होतं. मग त्याने शर्यतीचं दुसरं टोक निवडलं. संयोजकांनीच त्या टोकाला बक्षीस ठेवलं होतं. यात मला लबाडीपेक्षा घर चालवायची धडपड जास्त दिसते.

बाकी, संयोजकांना ही गोष्ट फार रुचायची नाही हे खरं. 1979 च्या टूरमध्ये ऑस्ट्रियाचा गेरहार्ड श्योनबाखर आणि फ्रान्सचा फिलिप तेनिएर शेवटच्या जागेसाठी झुंजत होते. तेनिएर आदल्या वर्षीचा लाल कंदील. वेळेविरुद्धच्या टप्प्यात, जिथे प्रत्येक जण एकटाच घड्याळाशी झुंजतो, तो इतका सावकाश गेला की वेळमर्यादेबाहेर पडून शर्यतीतूनच बाद. श्योनबाखरने हिशेब बरोबर जमवला आणि पॅरिसला शेवटचा पोचला. पुढच्या वर्षी संयोजकांनी ठरावीक टप्प्यांनंतर तळाच्या माणसाला बाद करायचा नियम आणला. त्यातून वाचत वाचत 1980 लाही शेवटचा कोण? श्योनबाखरच!

---

सातारी_चढ

संयोजकांनीच बक्षीस ठेवलं होतं हे मान्य. गोठा तरीही मान्य नाही :) पण तेनिएरचा किस्सा पुढच्या शनिवारी पोरांना सांगणार. शेवटचं यायलाही वेळेचं गणित लागतं!

---

निळी_बाटली

माझा आवडता विषय बाटल्या. (नाव उगाच घेतलेलं नाही.)

फ्रान्सचा ज्याँ रोबिक अंगाने लहानखुरा. चढावर पक्ष्यासारखा, पण उतारावर वजन कमी पडायचं, त्यामुळे भारी माणसं त्याला गाठायची. म्हणून 1953 मध्ये त्याच्यासाठी घाटमाथ्यावर शिसं भरलेली बाटली तयार ठेवली होती असं सांगतात. चढताना हलका, उतरताना जड. डोकं बघा!

याच्या उलट आंकतील. पाच वेळा टूर जिंकलेला माणूस. चढ लागला की तो सायकलवरची बाटली काढून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवायचा म्हणे, म्हणजे सायकल हलकी होते! माणूस आणि सायकल मिळून वजन तेवढंच राहणार, हे त्याला कळत नसेल का? कळत असणारच. पण चढावर पाय ओरडायला लागले की मनाला काहीतरी आधार द्यावा लागतो. पसरणी घाटात शेवटचा घोट पिऊन बाटली रिकामी केली की मलाही हलकं वाटतं.

तिसरा प्रकार 'चिकट बाटली'. संघाच्या गाडीतून मॅनेजर बाटली देतो, खेळाडू ती धरतो, आणि दोघंही सोडतच नाहीत. तेवढ्यात गाडीचा वेग सायकलला मिळतो. क्षणभर चाललं तर पंच दुसरीकडे बघतात, जास्त ताणलं तर दंड. तसंच मेकॅनिक गाडीतून अर्धा बाहेर लोंबकळून ब्रेक 'दुरुस्त' करत असतो, ब्रेकला काहीही झालेलं नसतं. आणि कधीकधी हद्दच होते. 2015 च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, व्हिन्चेंझो निबाली, टूर जिंकलेला खेळाडू, गाडीला धरून असा काही पुढे सरकला की हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यात सगळ्या जगाने पाहिलं. त्याच दिवशी घरी पाठवला.

---

डेल्फ्टवासी

नेदरलँड्समध्ये राहतो, त्यामुळे आल्प द्युएझबद्दल लिहिणं माझं कर्तव्य आहे. त्या चढाला 21 वळणं, आणि सातव्या क्रमांकाचं वळण म्हणजे डच कोपरा. शर्यतीच्या कितीतरी आधीपासून नारिंगी कपड्यातली माणसं तिथे मुक्काम ठोकतात. गाणी, धूर, बिअर, आणि खेळाडूंना जायला मध्ये जेमतेम सायकलपुरती फट. कारण असं की तिथल्या पहिल्या 14 टप्प्यांपैकी 8 डच लोकांनी जिंकले होते. वरच्या चर्चमधले धर्मगुरूही डचच होते, आणि आपला माणूस जिंकला की ते घंटा वाजवायचे! हा देश सपाट. बहुतेक चढ म्हणजे कालव्यावरचे पूल. त्या लोकांनी आल्प्समधला एक डोंगर आपला मानून टाकला.

प्रेक्षकांमधला सगळ्यात लाडका म्हणजे जर्मनीचा दीदी झेंफ्ट. 1993 पासून लाल सैतानाच्या वेशात, हातात त्रिशूळ घेऊन टूरच्या रस्त्याकडेला उड्या मारायचा. तो येण्याआधी रस्त्यावर रंगवलेला त्रिशूळ दिसायचा. घरी बसून अवाढव्य, चित्रविचित्र सायकली बनवणं हा त्याचा दुसरा उद्योग.

आणि आता नाजूक विषय. इतके तास सायकलवर, मग लघुशंकेचं काय? त्याचा शिष्टाचार ठरलेला आहे. शर्यतीत आघाडीवर असलेला थांबला की सगळे थांबतात, आणि त्या वेळात हल्ला करायचा नाही, म्हणजे जोर मारून पुढे पळायचं नाही. पण पोट बिघडलं तर? 2017 च्या जिरोत सोळाव्या टप्प्यात गुलाबी जर्सीतला टॉम डुमुलँ उम्ब्राइलच्या चढाआधी एकदम रस्त्याकडेला थांबला, हेल्मेट फेकलं, जर्सी काढली आणि थेट गवतात. जगभर थेट प्रक्षेपण चालू. पुढच्यांनी थोडा वेळ वेग धरून ठेवला आणि मग निघाले. त्या दिवशी त्याचा दोन मिनिटांहून जास्त वेळ गेला. तरीही शेवटी तो किंताना याच्यावर 31 सेकंदांनी जिंकला. इथे त्या दिवशी चहाच्या सुट्टीत दुसरं बोलणंच नव्हतं: प्रतिस्पर्ध्यांनी थांबायला हवं होतं की नको?

---

कात्रजकर

@डेल्फ्टवासी, माझं मत: नको. शर्यत ऐन भरात आली होती. दोन मिनिटं घालवून जिंकला म्हणून तर तो विजय लक्षात राहिला.

---

रापलेला_पाय

मोज्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही?

जागतिक सायकलिंग संघटनेचा नियम आहे की मोजा घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या निम्म्या उंचीच्या वर जाता कामा नये. उंच मोजे हवा कापायला मदत करतात म्हणून. शर्यतीआधी अधिकारी खास पट्टी घेऊन पाय मोजतात, आणि जगातले सगळ्यात तंदुरुस्त लोक शाळेतल्या मुलांसारखे रांगेत पाय पुढे करून उभे असतात. सायकलचं वजनही 6.8 किलोच्या खाली चालत नाही. मधल्या काळात सायकली इतक्या हलक्या व्हायला लागल्या की काही संघ वजन वाढवायला फ्रेममध्ये काहीबाही घालत होते. आणि इकडे आम्ही 80 ग्रॅम वाचवायला पगारातून पैसे साठवतो.

पायाचे केस काढण्याची तीन कारणं सांगतात. पडल्यावर जखम साफ करणं सोपं जातं, मालिश नीट होते, हवा कमी अडते. तिन्ही खरी. पण खरं कारण म्हणजे आधीच्यांनी काढले म्हणून आपण काढतो. आमच्याकडे लग्नाच्या हळदीला आत्याबाईंनी भावाच्या गुळगुळीत पिंढऱ्या पाहिल्या आणि थेट विचारलं, "अरे, काही औषध चालू आहे का तुला?" त्याने शांतपणे हवेचा रोध समजावून सांगितला. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि हळद लावताना म्हणाल्या, "बरं झालं, कमी लागेल."

मांडीवरची रापलेली रेघ हा आमचा दागिना. तिच्यावरून पोहण्याच्या तलावावर अनोळखी माणूसही ओळख काढतो आणि दोन मिनिटांत विचारतो, "सिंहगड किती मिनिटांत?"

---

घाटमाथा

या धाग्यात क्रिस्तोफ नाही म्हणजे देवळात घंटा नाही.

1913 ची टूर. युजेन क्रिस्तोफ तूरमाले घाट उतरत असताना सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, मोडला. तेव्हा नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, दुसऱ्याची मदत घ्यायची नाही. सायकल खांद्यावर टाकून तो दहाएक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपां गावात पोचला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतः लोखंड तापवून चिमटा घडवायला बसला. शर्यतीचे अधिकारी तिथे उभे राहून लक्ष ठेवतायत. दोन्ही हात कामात, म्हणून एका लहान मुलाने भाता ओढला. झालं, बाहेरची मदत घेतली म्हणून दंड, दहा मिनिटांचा! तासांचे तास गेलेले, त्यात ही दहा मिनिटं. नंतर दंड कमी केला म्हणतात.

1919 ला टूरमध्ये आघाडीवरच्या खेळाडूसाठी पिवळी जर्सी सुरू झाली. ती देणाऱ्या 'लॉटो' वर्तमानपत्राचा कागद पिवळा होता. पहिला मानकरी कोण? क्रिस्तोफ. लोक त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवायचे. आणि तीच शर्यत जिंकायला आलेली असताना पुन्हा चिमटा मोडला. 1922 ला आल्प्समधल्या गालिबिए घाटात तिसऱ्यांदा! या माणसाने टूर कधीच जिंकली नाही. पण 1913 चा विजेता कोण होता हे या धाग्यावर किती जणांना सांगता येईल? भट्टीच्या जागी क्रिस्तोफच्या नावाची पाटी आहे.

हाताशी आहे तोवर बाहामोंतेसही घ्या. स्पेनचा, चढावरचा राजा, उतारावर मात्र जपून जाणारा. 1954 ला सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचला, चाकाचे आरे तुटलेले, संघाची गाडी मागे. मग उतरून आइस्क्रीम घेतलं आणि बाकीचे येईपर्यंत खात उभा राहिला. 1959 ला त्याने टूर जिंकली, तरी लोक विचारायचे ते आइस्क्रीमबद्दलच.

---

निळी_बाटली

@घाटमाथा, 1913 चा विजेता फिलिप तिस. पण हे शोधून लिहितेय, आठवून नाही. म्हणजे तुमचा मुद्दा पटला.

---

सातारी_चढ

आपल्याकडचं काही लिहू या. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. शर्यत कोणी का जिंकेना, घाटातल्या गर्दीचा जीव त्या राजावर. फ्रान्समध्ये त्यासाठी 1975 पासून पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी आहे, ती एका चॉकलेट कंपनीच्या वेष्टनावरून आली. आपला किताब मला जास्त रुबाबदार वाटतो.

---

मागचं_चाक

@सातारी_चढ, सहमत. आणि शेवटच्या माणसाचा मान म्हणाल तर आपल्याकडे सगळ्यात जास्त रुजलेला प्रकार म्हणजे ब्रेव्हे, ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायची सायकलफेरी. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. वेळेत पोचला तो यशस्वी, क्रमांकच नसतात. पहिला आणि शेवटचा दोघांना पदक सारखंच. पुण्या-मुंबईत, नाशिकात, कोल्हापुरात डॉक्टर, शिक्षक, बँकेतली माणसं पहाटे अंगावर चमकणारं जॅकेट चढवून निघतात ती याच्यासाठी. रात्री दोन वाजता हायवेवरच्या ढाब्यावर खाटेवर दहा मिनिटं आडवी झालेली, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवलेली माणसं दिसली तर ती हीच.

---

डेल्फ्टवासी

माझी बहीण पहिल्यांदाच टूर बघणार आहे. विचारते, एकच दिवस बघायचा तर कुठला? मी वेळेविरुद्धचा टप्पा सुचवणार होतो. तुम्ही काय सांगाल?

---

मागचं_चाक

डोंगरातला टप्पा, आणि विजेता पोचल्यावर टीव्ही बंद करायचा नाही.

मागे 'ग्रुपेत्तो' असतो. वेगाचे राजे असलेले स्प्रिंटर आणि काम संपवलेले मदतनीस एकत्र जमून चढ चढतात. विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांत पोचावंच लागतं. समजा विजेत्याला 5 तास लागले आणि मर्यादा 12 टक्के असली, तर 36 मिनिटं. टक्के टप्प्याच्या कठीणपणावर आणि विजेत्याच्या वेगावर ठरतात, त्यामुळे पुढचे जोरात गेले की मागच्यांचं गणित बिघडतं. कोणीतरी अनुभवी माणूस तोंडी हिशेब करत सगळ्यांना चालवतो. ऑस्ट्रियाचा बर्नहार्ड आयझेल यात वाकबगार होता. आणि एकत्र राहण्यात शहाणपणही आहे. 2011 ला गालिबिएवर ऐंशीहून जास्त जण मर्यादेबाहेर पोचले. एवढ्यांना घरी पाठवलं तर शर्यत कोणाची करणार? सगळ्यांना ठेवून घेतलं. त्यात हिरव्या जर्सीतला, म्हणजे गुणांच्या स्पर्धेत आघाडीवर असलेला, स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशही होता, त्याचे 20 गुण कापले, तरी ती जर्सी त्यानेच जिंकली.

याच कॅव्हेंडिशने 2024 च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी रिमिनीच्या वाटेवर उन्हात उलट्या केल्या. फार लवकर मागे पडला. संघातले सोबती दिवसभर त्याच्याबरोबर राहिले, पाणी ओतत, वारा अडवत. सुमारे 39 मिनिटं मागे, पण वेळेत पोचला. पाचव्या टप्प्यात, 3 जुलैला, सँ-व्हुलबासला त्याने स्प्रिंट मारली आणि टूरमधला 35 वा टप्पा जिंकला. एडी मर्क्सचा 34 चा विक्रम मोडला.

बहिणीला सांगा, पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दाखवतात, ती आणि मर्यादा वहीत लिहून ठेव. शेवटचा गट दिसेपर्यंत चहा दोनदा होतो. कोणाला हिशेबात अडचण आली तर टप्प्याच्या दिवशी इथेच विचारा, मी असेन.